अठ्ठावीस गुंठे

मागच्या रविवारी बाबांचा गावाहून फोन आला. "यंदा चाऱ्याच्या मक्याला नांगरट नाही केली तर चालेल का रे? ट्रॅक्टरचं भाडं परवडत नाही." मातीत पीएचडी केलेल्या मुलाला बापाने विचारलेला मातीचा हा पहिलाच प्रश्न! फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

इथे अमेरिकेत नांगराला केवढा मान! १८३७ साली इलिनॉयमधल्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर केला आणि प्रेअरीची चिकट माती उलथणं सोपं झालं. पुढे १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि नांगरून उघडी पडलेली मैदानं वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस तर 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनरने नांगराविरुद्ध चक्क पुस्तक लिहिलं. पण न नांगरता तण आवरायचं कसं? तणनाशकं आल्यावर तो प्रश्न सुटू लागला. १९६२ मध्ये केंटकीतल्या हर्न्डनच्या हॅरी यंग या शेतकऱ्याने न नांगरता मका पेरला, फक्त ०.७ एकरावर. म्हणजे आपले अठ्ठावीस गुंठे!

आता गंमत बघा. न नांगरलेल्या मातीचा वरचा थर मोजला तर बहुधा जास्त घट्टच निघतो. तरी पीक येतं, कारण गांडुळांनी आणि जुन्या मुळांनी केलेली भोकं खालपर्यंत शाबूत राहतात. त्यांतून पाणी उतरतं, नवी मुळंही उतरतात. नांगर ही वाट मोडतो, शिवाय फाळाखाली टणक थर बसवतो. वर धाटांचं आच्छादन असेल तर पावसाचा मार चुकतो आणि ओल टिकते.

चाऱ्यात मात्र मेख आहे. मुरघासाचा मका आपण बुडापासून कापून नेतो, मग आच्छादन उरणार कुठून? त्यात ओल्या रानात भरलेली ट्रॉली फिरली की भोकंही दबतात. मातीचा विरोध २ मेगापास्कलच्या आसपास गेला की मुळांची वाढ फार मंदावते आणि चारा घटतो. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत तर जास्तच.

म्हणून बाबांना परत फोन करून सांगितलं, "सगळं रान नको. अठ्ठावीस गुंठेच करून बघा. धाटं थोडी उंच कापा, शेणखत वर पसरा, आणि वाफसा आल्याशिवाय ट्रॉली आत घालू नका."

बाबा हसले. "गाव म्हणेल, पोरगा अमेरिकेत आणि बापाचं रान पडीक!"

म्हणू देत. हॅरी यंगचं शेत बघायलाही पुढे लोक लांबून येत होते. असो. कापणी झाली की कळवीनच.