कवि-समीक्षक

कविता आणि काव्यविचार ही दोन्ही कामे सातत्याने करणारा लेखक. आधुनिक मराठीत ही परंपरा ठळक झाली ती बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्यापासून (पहा : नवकाव्य). अभंग-ओवीच्या जुन्या घाटात त्यांनी यंत्रयुगातले महानगर बसवले. त्याच काळात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीच्या घाटाची मीमांसा उभारली. ‘भावनानिष्ठ समतानता’ ही त्यांची संज्ञा प्रतिमाविचारात रूढ झाली (पहा : सौंदर्यशास्त्र). पुढे विंदा करंदीकरांनी ‘परंपरा आणि नवता’ लिहिले; दिलीप चित्र्यांनी समीक्षेला तुकारामाच्या इंग्रजी अनुवादाची जोड दिली; भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा आग्रह धरला (पहा : लघुनियतकालिके).

कवीची समीक्षा बहुधा स्वतःच्या कवितेची बाजू मांडते. ती पक्षपाती ठरते, तरी नव्या कवितेला वाचक मिळण्याआधी तिची परिभाषा घडवते. मराठी नवकाव्याच्या बाबतीत हे कार्य निर्णायक होते. मर्ढेकरांना १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथासाठी मिळाला.