स्थूलता-शस्त्रक्रिया व हृत्स्पंदविकार

अतिस्थूल व्यक्तीचे वजन घटविण्यासाठी जठर वा आतडे यांच्या रचनेत बदल करण्याच्या शस्त्रक्रियांचा इतिहास सु. सत्तर वर्षांचा आहे. हृदयाच्या ठोक्यांच्या नियमिततेवर त्यांचा होणारा परिणाम मात्र बऱ्याच उशिरा स्पष्ट झाला.

स्थूलतेत रक्ताचे घनफळ व रक्तदाब वाढून डावे अलिंद विस्फारते, हृदयाभोवती मेद साचतो आणि झोपेत श्वास वारंवार अडतो. परिणामी अलिंदाचे स्नायू एकत्रित आकुंचन न पावता नुसतेच थरथरतात (अलिंदी तंतुस्फुरण). तेथे रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीत (२००४) स्थूल व्यक्तींत या विकाराचा धोका सु. ५० टक्क्यांनी अधिक आढळला.

क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा बराच भाग वगळणारी शस्त्रक्रिया वर्णिली. तीमुळे वजन घटे. पण अतिसार, पोटॅशियमची न्यूनता व यकृताचे विकार उद्‌भवत. पोटॅशियमची न्यूनता स्वतःच हृत्स्पंद बिघडविते. त्यामुळे ही पद्धत पुढे मागे पडली. एडवर्ड मेसन व इटो यांनी १९६६ मध्ये सुरू केलेली जठर-उपमार्ग शस्त्रक्रिया आणि नंतर जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याची पद्धत अधिक रूढ झाल्या.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या व न केलेल्या प्रत्येकी सु. २,००० व्यक्तींची तुलना करण्यात आली. सु. १९ वर्षांच्या कालावधीत अलिंदी तंतुस्फुरण पहिल्या गटात १२·४ टक्के, तर दुसऱ्यात १६·८ टक्के व्यक्तींना झाले (२०१६). तरुणांना लाभ अधिक झाला. मात्र गटांची विभागणी यदृच्छेने केलेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा होय.

मुंबईत हा विषय २०१७ मध्ये सर्वतोमुखी झाला. इजिप्तमधील ईमान अहमद यांना फेब्रुवारीत चर्नी रोड येथील सैफी रुग्णालयात आणण्यात आले. त्यांचे वजन सु. ५०० किग्रॅ. सांगितले गेले. मुफझ्झल लकडावाला यांनी ७ मार्च रोजी त्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया केली. वजन पुष्कळ घटले. मे महिन्यात त्यांना अबू धाबीस हलविण्यात आले. तेथे २५ सप्टेंबर रोजी हृद्‌विकार व मूत्रपिंडांची अकार्यक्षमता यांमुळे त्यांचे निधन झाले. वजन घटल्याने हृदयावरील भार हलका होतो. तथापि दीर्घकाळ झालेली इजा पूर्णपणे भरून येतेच असे नाही. म्हणूनच उपचार वेळीच होणे आणि शस्त्रक्रियेनंतर आहार, क्षार व हृत्स्पंद यांची नियमित तपासणी होणे महत्त्वाचे ठरते.