तालीम : एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘तालीम’ म्हटले की डोळ्यांसमोर लाल मातीचा आखाडा आणि जोर-बैठका येतात. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि बाजारहाट मराठीत करतो, म्हणून हे दोन्ही अर्थ आमच्या रोजच्या वापरातले. मुलग्यांच्या वाट्याला दोन्ही तालमी येतात. मुलींच्या वाट्याला एकच येते, आणि तीही पुष्कळदा अर्धवट. सातवी-आठवीनंतर ‘लडकी जात है, मैदान में क्या काम?’ हे वाक्य घरात उच्चारले जाते आणि तिचे मैदान संपते. बाईवर हात उगारला गेला की ‘घर की बात घर में’ हे वाक्यही त्याच घरात ऐकू येते. ही दोन वाक्ये सख्ख्या बहिणी आहेत, असे आमचे मत आहे. आमच्या वर्धा जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर या मताला आधार सापडतो.

साल १९३६. एप्रिलच्या अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. त्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला विजयादशमीच्या दिवशी, लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्धा शहरात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. स्त्रीने स्वतःचे रक्षण स्वतः करावे, त्यासाठी तिच्या शरीरात बळ हवे, म्हणून व्यायाम, कवायत आणि लाठीचे शिक्षण त्यांनी सुरू केले. या संघटनेच्या राष्ट्रविचारात आम्हा मुसलमानांना जागा दिसत नाही. हा मतभेद आम्ही लपवत नाही. तरीही ज्या काळात विधवा बाईने उंबरठ्याबाहेर पडणेही कठीण होते, त्या काळात एका विधवेने वर्ध्यात बायकांच्या हाती लाठी दिली, ही नोंद आमच्या लेखणीनेही केली पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो, की या लाठीला संकट बाहेरून येणार, परक्याकडून येणार, असे वाटत होते. घरातल्या माणसाचा हात उठला तर काय, याचे उत्तर लाठीजवळ नव्हते.

दुसरे नाव आपल्यातले असून आपणच विसरलो आहोत. बीबी अमतुस्सलाम. पटियाळ्याच्या प्रतिष्ठित मुस्लिम घराण्यातली ही मुलगी गांधीजींच्या आश्रमात आली आणि सेवाग्रामचीच होऊन गेली. नमाज-रोजे सांभाळून ती आश्रमात राबली. गांधीजींनी तिला लिहिलेल्या पत्रांतली कित्येक उर्दूत आहेत. नोआखालीत दंगलीचा कहर झाला तेव्हा ती तिथे गेली. अत्याचार करणारे आपले धर्मबांधव होते, म्हणून गप्प बसणे तिला मान्य नव्हते. सिरांडी गावात तिने पंचवीस दिवस उपवास केला आणि आपल्याच लोकांचा विवेक जागा केला. जानेवारी १९४७ मध्ये गावच्या मुस्लिम मंडळींनी शांततेची लेखी हमी दिली, तेव्हा गांधीजींच्या उपस्थितीत तो उपवास सुटला. फाळणीत बायका पळवल्या गेल्या, तेव्हा बहावलपूरकडे जाऊन अशा बायकांना परत आणण्याच्या कामात ती होती. पुढे राजपुऱ्यात निर्वासितांसाठी राबत राहिली. १९८५ साली ती गेली. तिच्या अंगात कुस्तीचे बळ नव्हते. मात्र आपल्या माणसांना त्यांच्या तोंडावर ‘हे चूक आहे’ म्हणण्याचे बळ होते.

आता आखाड्याकडे वळू, कारण अंगात बळ असलेली बाईही आपल्या इतिहासात आहे. हमीदा बानू मूळची मिर्झापूरची. अलीगढला राहून कुस्ती शिकली. १९५४ च्या सुरुवातीला तिने जाहीर केले, की मला जो कुस्तीत हरवील त्याच्याशी मी निकाह करीन. मे महिन्यात बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. मुंबईत व्हेरा चिस्तिलिन या रशियन पहिलवान बाईला लोळवायला तिला एक मिनिटही लागले नाही. तिचा रोजचा खुराक वर्तमानपत्रे छापत : साडेपाच लिटरांवर दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, सहा अंडी, बदाम, शिवाय बिर्याणीच्या दोन थाळ्या.

परंतु बाईने पुरुषाला पाडावे हे लोकांना पचत नव्हते. कोल्हापुरात तिने सोमासिंग पंजाबीला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी दगडफेक केली आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंखेंशी ठरलेली कुस्ती तालीमवाल्यांच्या संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. हमीदाने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बाई म्हणून बंदी नाही, आयोजकांविरुद्ध तक्रारी आहेत, असे त्यांनी कळवले.

पुढे तिने युरोपात कुस्ती लढायला जाण्याचा निश्चय केला आणि त्यानंतर ती आखाड्यातून दिसेनाशी झाली. तिच्या नातवाने सांगितले आहे, की तिला जाऊ द्यायचे नाही म्हणून तिचा उस्ताद आणि साथीदार सलाम पहिलवान याने तिला मारहाण केली, तिचे हात मोडले. पायालाही इजा झाली, कित्येक वर्षे ती काठी टेकत चाले, अशी शेजाऱ्यांची आठवण आहे. उरलेले आयुष्य तिने कल्याणला म्हशी पाळून, दूध विकून आणि शेवटी रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकून काढले. १९८६ साली तिचा इंतकाल झाला. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पानावर तिचे चित्र लावले, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी तिचे नाव पहिल्यांदा ऐकले.

वाचकहो, पुरुष पहिलवानांना आसमान दाखवणाऱ्या बाईचे हात घरात मोडले जातात, याचा अर्थ काय? बळ निरुपयोगी आहे, असा अर्थ मुळीच नाही. बळाच्या पाठीशी बोलणारी माणसे लागतात, हा त्याचा अर्थ. हमीदाच्या मोहल्ल्यात एखादी अमतुस्सलाम असती तर!

आमच्याच जिल्ह्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. करणारा तिच्या ओळखीचाच होता. दोन वर्षांनी न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. ती परत आली नाही. संकट पुष्कळदा ओळखीच्या चेहऱ्याने येते. म्हणूनच २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा महत्त्वाचा आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. बायको, मुलगी, बहीण, आई, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क तो मान्य करतो.

मैदानाला दीनची आडकाठी आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने हदीस उघडावी. प्रेषितांसोबत (स.) धावण्याच्या शर्यतीत हजरत आयशा (रजि.) एकदा जिंकल्या आणि नंतर एकदा प्रेषित जिंकले, हे सुनन अबू दाऊदमध्ये नोंदले आहे. निजामाबादची निखत जरीन २०२२ आणि २०२३ मध्ये मुष्टियुद्धाची विश्वविजेती झाली. तिला रिंगणात नेणारे तिचे वडीलच होते.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. पुस्तकाबरोबर हातालाही शिक्षण द्या, हा त्याचा गाभा. आमची मागणी त्याच वाटेवरची आहे. जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतील. प्रत्येक उर्दू शाळेने मुलींचा खेळाचा तास वेळापत्रकात पक्का करावा, सलवार-कमीजवर खो-खो, कबड्डी खेळू द्यावी, माता-पालक सभेत कायद्याची माहिती सोप्या उर्दूत सांगावी. आणि मोहल्ल्याच्या कमिट्यांनी, अंजुमनांनी मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘सब्र कर’ सांगण्याआधी तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. सब्राचा सल्ला द्यायचाच असेल तर तो हात उगारणाऱ्याला द्यावा.