सुकाणूचे लहरी दुखणे

अमेरिकेतील पिअर्स-ॲरोच्या मालमोटारींचे जड सुकाणू ज्याच्या नित्य परिचयाचे होते, त्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली तेलाच्या दाबाने सुकाणू हलके करण्याची जी युक्ती सिद्ध केली, ती क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीतून विक्रीस यावयास १९५१ साल उजाडले. आणि तिच्यामागोमाग कारागिरांच्या वाट्यास एक लहरी दुखणे आले. चाक सकाळी जड, दुपारी हलके, आणि गॅरेजच्या दारात तर सर्वथा निर्दोष: फिर्यादी हजर, आरोपी फरार! जाणता मिस्त्री मात्र तेल दाबणाऱ्या पंपाला (बिचारा बहुधा नाहक बदनाम) हात लावण्यापूर्वी त्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाही, इंजिन चालू ठेवून चाक टोकापर्यंत वळवीत पट्ट्याची किंकाळी ऐके, आणि टाकीतल्या तेलावर फेस दिसताच, हवा शिरल्याचे ताडून, नळीचे सांधे चाचपू लागे.