महाराष्ट्रातील कुष्ठरोग : निदान, उपचार आणि कायदा

प्रस्तावना :
त्वचेवर प्रथम प्रकट होणाऱ्या रोगांपैकी कुष्ठरोगाइतके सामाजिक भय क्वचितच दुसऱ्या रोगाच्या वाट्याला आले असेल. सुश्रुतसंहितेत 'कुष्ठ' ही संज्ञा अठरा प्रकारच्या त्वग्विकारांसाठी योजिलेली आहे. मराठीत याच शब्दापासून 'कोड' हा शब्द रूढ झाला व तो शरीरावरील निरुपद्रवी पांढऱ्या डागांना लावला गेला. कुष्ठरोगास मात्र 'महारोग' म्हटले गेले. नावांच्या या सरमिसळीमुळे कोड असलेल्या व्यक्तींच्या वाट्यालाही बहिष्कार आला. वस्तुतः दोहोंतील भेद साधा आहे : कोडाच्या डागावर स्पर्शज्ञान शाबूत असते, कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ते बहुधा कमी झालेले वा नाहीसे झालेले असते. हा भेद ज्या प्रमाणात व्यवहारात उतरला, त्या प्रमाणात उपचारांचे स्वरूप पालटले.

व्रणावरून ओळख :
नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. तथापि, प्रभावी औषध हाती नसल्याने विलगीकरण हाच उपाय मानला गेला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा येथे निराधार रुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. १८९८ च्या कायद्याने, ज्याच्या शरीरावर व्रण पडू लागले आहेत अशाच व्यक्तीस कुष्ठरोगी ठरविले आणि भीक मागणाऱ्या रुग्णास डांबून ठेवण्याचा अधिकार शासनास दिला. व्रण व विकृती ही मज्जातंतूंच्या हानीची उशिराची फळे होत. म्हणजेच कायद्याला रुग्ण दिसे तो रोग पुष्कळ पुढे गेल्यावर. कडू कवठाच्या तेलाचा उपचार प्रचलित होता. परंतु त्याचा गुण अनिश्चित होता.

वस्तीकडून घराकडे :
मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवनात व बाबा आमटे यांनी १९४९ पासून वरोऱ्याजवळ आनंदवनात रुग्णांना निवाऱ्याबरोबरच श्रमाची प्रतिष्ठा दिली. तरीही ही केंद्रे गावाबाहेरचीच होती.

१९४० च्या दशकात आलेल्या डॅप्सोन या औषधाने घरी राहून उपचार घेणे शक्य केले. १९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री गावोगाव राबविली. चट्ट्यावरील संवेदना तपासणे आणि जाड झालेल्या नसा चाचपणे, या साध्या कृतींनी विकृती येण्यापूर्वीच रुग्ण सापडू लागला. डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन यांच्या योजनेने रोग पूर्ण बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर रुग्णप्रमाण दर दहा हजारी एकाहून खाली आले.

कायद्याचा विलंब :
वैद्यकाने विलगीकरण निरर्थक ठरविल्यानंतरही १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख २०१९ मध्ये व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यात आला. बरा होणारा रोग तोवर संसार मोडण्यास पुरेसा मानला जात होता.

निष्कर्ष :
उपचार सिद्ध असूनही नवे रुग्ण आजही आढळतात. औषध वेळेवर मिळणे हे चट्टा वेळेवर दाखविण्यावर अवलंबून आहे, आणि भीती चट्टा झाकावयास लावते. उपचारास झालेला विलंब नसांची जी हानी करतो, ती औषधाने नेहमीच भरून निघत नाही. म्हणून समाजाची भाषा आणि कायदा या निदानाबाहेरच्या गोष्टी नव्हेत. शंभराहून अधिक वर्षांचा हा इतिहास त्या निदानाच्याच पूर्वअटी असल्याचे दाखवून देतो.