मोजिजा खरा की रूपक? कंधारच्या एका आलिमांची आठवण



मागच्या व्याख्यानात आपण संतचरित्रांतले चमत्कार पाहिले. रेड्यानं वेद म्हटले, भिंत चालली. शेवटी लातूरच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, आपण या कथांना रूपक म्हणून मोकळे होतो. मग मुसलमान मंडळी पैगंबरांचे चमत्कार शब्दशः खरे का मानतात? त्यांच्यात कोणी विचार केला नाही का?" केला, आणि भरपूर केला. त्या विचाराच्या इतिहासातलं एक पान तर आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. पैगंबरांच्या हातून घडतो तो मोजिजा, म्हणजे समोरच्याला हतबल करणारी गोष्ट. वलींच्या हातून घडते ती करामत. कंधारच्या हाजी सय्याह सरवर यांच्या दर्ग्यात लोक श्रद्धेनं ज्या कथा सांगतात, त्या करामतीच्या. मूसांची काठी साप झाली, इब्राहीमांसाठी आग थंड झाली, ईसांनी मातीच्या पाखरात प्राण फुंकला, मोहम्मद पैगंबरांच्या काळी चंद्र दुभंगला, हे मोजिजे. परंपरेनं ते घडलेले प्रसंग मानले, बोधकथा नव्हे.

आता यामागचा तर्क बघा. बाराव्या शतकातल्या नसफी यांच्या 'अकाइद' या छोट्या ग्रंथावरचं तफ्ताझानींचं भाष्य आपल्याकडच्या मदरशांत पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. या ग्रंथात सुरुवातीलाच ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, तीन: शाबूत इंद्रियं, खरी वार्ता आणि बुद्धी. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे वाचून घरचंच वाटतं. प्रत्यक्ष, शब्द आणि अनुमान! खऱ्या वार्तेचे पुन्हा दोन प्रकार. एक, इतक्या लोकांनी सांगितलेली की ते सगळे मिळून खोटं बोलणं शक्य नाही. दुसरी, मोजिज्यानं ज्यांची खात्री पटली आहे अशा पैगंबरांची.

पण निसर्गनियमांचं काय? इथे गझाली येतात. त्यांचं निधन ११११ सालचं. तत्त्वज्ञांचं खंडन करणाऱ्या ग्रंथात त्यांनी उदाहरण घेतलं कापसाचं आणि आगीचं. ते म्हणतात, कापूस आगीजवळ नेला की जळतो एवढंच आपण पाहतो. आगीमुळे जळलाच पाहिजे, ही सक्ती कोणाला दिसली? ती ईश्वराची नेहमीची रीत आहे. रीत घालणारा एखाद्या वेळी ती मोडूही शकतो. इब्राहीमांची आग थंड झाली ती अशी. यावर इब्न रुश्द यांनी पुढच्या शतकात सडेतोड उत्तर दिलं: कारणच काढून घेतलं तर ज्ञान उरतं कुठे? दोघेही श्रद्धावान मुसलमान, हे लक्षात ठेवा.

आम्ही लातूरला ह्यूम शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. ह्यूम १७४८ च्या ग्रंथात म्हणतो, कार्यकारणात सक्ती दिसत नाही, सवय दिसते. आणि त्याच ग्रंथात पुढे चमत्कार नाकारतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. वडील जिनिंगमध्ये कामाला. म्हणाला, "सर, आमच्या जिनिंगमध्ये आग लागली की कापूस जळतोच. पण हे तर आमचे मौलवीसाहेब सांगतात तेच झालं. मग ह्यूम विचारवंत आणि ते अंधश्रद्धाळू कसे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो. पण त्या दिवसापासून आम्ही गझाली वाचायला घेतले.

आता आपल्या मुलखात येऊ. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. उत्तरेत सर सय्यद अहमद खान यांनी मांडलं होतं, की निसर्ग ही ईश्वराची कृती आणि कुराण ही ईश्वराची वाणी. दोन्हींत विरोध असूच शकत नाही. म्हणून मूसांसाठी समुद्र दुभंगला त्याचा अर्थ त्यांनी ओहोटी असा लावला. विरोधकांनी या पंथाला 'नेचरी' नाव ठेवलं. हैदराबादेतही या विचाराचे बडे अधिकारी होते. १८८१ च्या सुमारास जमालुद्दीन अफगाणी यांनी हैदराबादेतच फारसीत नेचरींवर टीकाग्रंथ लिहिला. त्यांचा रोख मोजिज्यांपेक्षा, धर्म सुटला की समाज विस्कटतो या भीतीवर होता.

याच काळात हैदराबादेत कंधारचे मौलाना अन्वरुल्लाह फारुकी काम करत होते. जन्म हिजरी १२६४, म्हणजे १८४८ चा. चरित्रकार सांगतात, महसूल खात्यातली नोकरी त्यांनी सोडली, कारण व्याजाच्या व्यवहाराचा गोषवारा लिहायची वेळ आली. हिजरी १२९२ मध्ये त्यांनी जामिया निजामिया स्थापन केली. सहाव्या आणि सातव्या निजामांचे ते गुरू. १९१८ मध्ये गेले. त्यांच्या एका ग्रंथाचं नाव आहे 'किताबुल अक्ल', म्हणजे बुद्धीचं पुस्तक! बुद्धी कुठवर नेते आणि कुठे थांबते, हा त्याचा विषय. दुसरा ग्रंथ 'इफादतुल अफहाम'. तो मिर्झा गुलाम अहमद यांना उत्तर म्हणून लिहिलेला. ईसांना जिवंत वर उचललं गेलं, हे मिर्झांनी नाकारलं होतं. मौलानांनी ते शब्दशः मानलं आणि त्यासाठी दोन खंड लिहिले. ज्यानं विचार करणं सोडलंय, तो माणूस दोन खंड लिहीत नाही.

पुढच्या पिढीत औरंगाबादला १९०३ मध्ये जन्मलेले मौदुदी. राजकारणात आधुनिक भाषा बोलणारे. पण चंद्र दुभंगला तो खरोखर, ही भूमिका त्यांनी आपल्या कुराणभाष्यात ठेवली. म्हणजे शब्दशः मानणं हे खेडवळ अज्ञान, ही आपली समजूत इथेही टिकत नाही.

मग आमचं मत काय? गझालींच्या युक्तिवादानं चमत्कार शक्य ठरतो, घडला असं ठरत नाही. घडला की नाही हे साक्षीवर ठरतं. आणि साक्षीची ताकद पैगंबरांच्या शब्दातून, पैगंबरांची खात्री मोजिज्यातून, अशी गिरकी आम्हाला पटत नाही. इथे आम्ही मौलानांपासून वेगळे होतो. पण हा बुद्धी विरुद्ध आंधळेपणा असा झगडा नाही. कोणाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हा झगडा आहे. तो ज्ञानेश्वरांच्या रेड्याबाबतही तेवढाच आहे.

शेवटचं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला, त्यांचा प्रसार करायला मुभा आहे; चमत्काराचा देखावा करून लोकांना लुबाडणं हा गुन्हा आहे. जुन्या उलेमांची रेघही याच्या जवळून जाते. पैगंबरी संपली, तेव्हा आज कोणी उठून मोजिज्याचा दावा केला तर तो खोटाच, असं ते म्हणतात. लुबाडणाऱ्याला धरायला कायदा आहे. शेजाऱ्याला समजून घ्यायला मात्र आपणच बसावं लागतं. आपल्या पोथीतलं ते रूपक आणि त्याच्या पोथीतली ती अंधश्रद्धा, हा दुहेरी तराजू आधी खाली ठेवला पाहिजे. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आम्हाला तेव्हा हे सांगता आलं नाही. आज सांगितलं.

आता प्रश्न घेऊ.