प्रशिक्षक बदलत राहिले, क्लब उरले नाहीत : महाराष्ट्राच्या व्यावसायिक फुटबॉलची एक कहाणी

#इतिहास_थ्रेड

१/
३० एप्रिल २०१७. शिलाँगमधील सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि मिझोरामचा ऐझॉल एफसी आय-लीगचा विजेता ठरला. हे अजिंक्यपद ईशान्य भारतात प्रथमच जात होते. या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. त्याआधीचे सलग सात हंगाम ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. त्याच गुणतालिकेत त्यांचा जुना क्लब दहाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या स्थानावर होता. आजचा थ्रेड त्या जुन्या क्लबाविषयी आणि त्याच्या भाऊबंदांविषयी.

२/
संघ हरू लागला की चाहत्यांच्या गप्पांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रशिक्षक कधी बदलणार? दुसरा प्रश्न, म्हणजे क्लबाचे पुढे काय होणार, बहुधा मागाहून येतो. कधी कधी फार उशिरा येतो. महाराष्ट्राच्या फुटबॉलचा गेल्या दोन दशकांचा इतिहास या दोन प्रश्नांच्या क्रमाविषयी एक कठोर धडा देतो. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३/
मुंबई हे भारतीय फुटबॉलच्या जुन्या केंद्रांपैकी एक. येथील रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. प्रारंभीची कित्येक दशके तो ब्रिटिश पलटणींच्याच हाती राहिला; १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो जिंकून ही मक्तेदारी मोडली. पुढे कुपरेज मैदान आणि रोव्हर्स चषक हे समीकरणच झाले. परंतु या शहराच्या फुटबॉलचा खरा कणा वेगळा होता : कंपन्यांचे संघ.

४/
टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, बँका, रेल्वे. खेळाडू तेथे नोकरीला असे आणि मैदानावर त्या संस्थेच्या नावाने उतरे. त्यात मोठे वैभव नव्हते, पण खेळ थांबल्यावरही पगार चालू राही. या रचनेत चाहत्याला फारसे स्थान नव्हते, कारण संघ शहराचा नसून आस्थापनेचा असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे नावे बदलली, पण मालकीचा हा स्वभाव बदलला नाही.

५/
१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आली आणि २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग. आशियाई महासंघाच्या परवाना-निकषांमुळे क्लबांनी व्यावसायिक व्हावे, त्यांची युवा पथके असावीत, मैदानाची सोय असावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. जुन्या आस्थापना-संघांना हे वळण झेपले नाही. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांवरच आय-लीगबाहेर गेला.

६/
पहिला मोठा धक्का मात्र त्याआधीच बसला होता. महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली. फेडरेशन कपही त्याच हंगामात त्यांच्याकडे आला. २००८ मध्ये ड्युरँड चषक मिळाला. आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. यापुढे शालेय व युवा फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे कारण दिले गेले. संघ हरत होता म्हणून तो बंद पडला, असे येथे कोणालाच म्हणता येणार नाही.

७/
महिंद्रा अस्ताला जात असताना मुंबई एफसी उभा राहत होता. २००७ मध्ये एस्सेल समूहाने हा क्लब स्थापन केला. पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. त्यांनी पूर्वी महिंद्राचा संघही सांभाळला होता. २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून क्लब अव्वल श्रेणीत आला. नाव मुंबईचे, पण कुपरेज उपलब्ध नसल्याने काही हंगाम ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. ज्या संघाला आपल्या शहरात मैदान नाही, त्याचा प्रेक्षक कसा वाढावा?

८/
२००९ मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून ते महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांत वावरलेले. म्हणजे शहराच्या फुटबॉलची नस त्यांना ठाऊक होती. त्यांच्या सात हंगामांत मुंबई एफसीने विजेतेपदाची शर्यत कधी लढवली नाही, पण तो खालच्या श्रेणीत घसरलाही नाही. आधी बचाव, मग जमेल तसे आक्रमण, असा त्यांचा खेळ होता. त्याला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि मर्यादित साधनांत टिकून राहणे हेच यश मानणाऱ्यांचेही नव्हते.

९/
२०१६ मध्ये क्लब आणि खालिद यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नव्या हंगामासाठी संतोष कश्यप आले. विजय दुर्मीळ होत गेले, तेव्हा हंगाम संपण्यापूर्वीच त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन यांना आणण्यात आले. घसरण थांबली नाही. ‘येलो ब्रिगेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या, पण निष्ठावान समर्थकांनी एका हंगामात दोन प्रशिक्षक पाहिले आणि अखेरीस संघ दुसऱ्या श्रेणीत जातानाही पाहिला.

१०/
मग हे दोघे अकार्यक्षम होते काय? नोंदी तसे सांगत नाहीत. कश्यप यांनी २०१४-१५ मध्ये शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोह या नवख्या संघाला आय-लीगमध्ये तिसऱ्या स्थानी नेले होते. ब्रुझोन यांनी पुढे बांगलादेशात बसुंधरा किंग्जला एकापाठोपाठ एक लीग विजेतेपदे मिळवून दिली. आणि खालिद तर त्याच वर्षी देशाचे विजेते प्रशिक्षक ठरले. तीन गुणी माणसे, एकच क्लब, आणि शेवट असा. दोष केवळ बाकावर बसलेल्या माणसाचा मानला, तर हे कोडे सुटत नाही.

११/
ऐझॉलची बाजूही पाहावी. २०१५-१६ मध्ये तो संघ स्वतःच खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतल्यामुळे त्याला परत प्रवेश मिळाला. खालिद यांनी तेथे जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबई एफसीतले ओळखीचे खेळाडू नेले. प्रशिक्षकाचे कसब, स्थानिक खेळाडूंचा भरणा आणि संघावर जीव टाकणारे गाव, या तिन्हींची गाठ पडली. म्हणून प्रशिक्षकाला महत्त्व नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. महत्त्व आहे, पण त्याच्या पायाखाली जमीन हवी.

१२/
खालच्या श्रेणीत जाणे हा फुटबॉलमध्ये मृत्यू नसतो. २०१६-१७ मध्ये मुंबई एफसीच्या एकच पायरी वर, नवव्या स्थानी, मिनर्व्हा पंजाब होता. पुढच्याच हंगामात तो आय-लीगचा विजेता झाला. मुंबई एफसीला मात्र पुढचा हंगाम मिळालाच नाही. दुसऱ्या श्रेणीतून परतण्याचा प्रयत्न करण्याऐवजी वरिष्ठ संघच बंद झाला. दहा वर्षांच्या क्लबाचा शेवट मैदानावर झाला नाही. तो मालकांच्या बैठकीत झाला, आणि त्या बैठकीत येलो ब्रिगेडसाठी खुर्ची नव्हती.

१३/
पुण्याची कथा याहून वेगळी नाही. पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. प्रशिक्षक पुन्हा डेरिक परेरा. २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ संपला आणि त्याची नावाजलेली अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम, २०१४-१५, खेळून नाहीसा झाला. डीएसके शिवाजियन्स २०१५ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०१७ नंतर तेथे दिसला नाही.

१४/
इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीने तर प्रशिक्षकांची रांगच लावली : फ्रँको कोलोंबा, इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रँको पोपोविच, मिगेल पोर्तुगाल, फिल ब्राऊन. पाच हंगामांत सहा, हंगामी जबाबदारी सांभाळणारे वेगळेच. पोपोविच यांच्या काळात, २०१७-१८ मध्ये, संघ एकदाच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या हंगामात ते नव्हते. २०१९ मध्ये क्लबच नव्हता.

१५/
त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. फिल ब्राऊन पुण्याहून तेथेच गेले. २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबादने मनोलो मार्केझ यांच्या मार्गदर्शनाखाली सुपर लीगचा करंडक जिंकला. लीगमधील जागा जिवंत राहिली, बहरलीही. पुण्याचा चाहता मात्र रिकाम्या हातांनी घरी परतला. प्रशिक्षकाला दुसरे शहर मिळते, खेळाडूला दुसरा करार मिळू शकतो. चाहत्याला दुसरे गाव मिळत नाही.

१६/
हिशेब मांडू. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, भारत एफसी, पुणे एफसी, मुंबई एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. २०१० ते २०१९ या काळात महाराष्ट्रातील हे सात संघ देशाच्या अव्वल फुटबॉलमधून गेले. यांत विजेते होते, उपविजेते होते, तळाचेही होते. गुणतालिकेतील स्थान आणि आयुष्य यांचा त्यांत काही मेळ दिसत नाही. समान धागा एकच : निर्णय एका समूहाच्या हाती, आणि उत्पन्नाचा भक्कम आधार कोणाकडेच नाही.

१७/
यामागे राष्ट्रीय कारणही होते. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्मली. प्रायोजक, दूरचित्रवाणी आणि प्रेक्षक तिकडे वळले. आय-लीगचे क्लब सावलीत गेले. गोव्याच्या डेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली, तीही आर्मांदो कुलासो या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली. असे स्थैर्य दुर्मीळ. तरीही २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीग सोडली.

१८/
जगात याला काही उत्तरे शोधली गेली आहेत. जर्मनीत क्लबाच्या मतांचे बहुमत सर्वसाधारणपणे सभासदांकडेच राहील, असा नियम आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डन क्लब दुसऱ्या शहरात हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तळाच्या श्रेणींतून चढत २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. पुण्यात किंवा मुंबईत असे घडले नाही, कारण आपल्याकडे चाहता हा प्रेक्षक मानला गेला, सभासद नव्हे.

१९/
मुंबईपासून सुमारे नऊशे किलोमीटर दूर, भंडाऱ्यात बसून हे कशासाठी वाचावे? विदर्भातील एकही क्लब देशाच्या अव्वल लीगमध्ये आजवर खेळलेला नाही, म्हणूनच. आपल्या शेजारी नागपूर-कामठी पट्ट्यात फुटबॉलची जुनी परंपरा आहे. उद्या एखादा समूह विदर्भाच्या नावाने क्लब काढील आणि तुमसर, साकोली, पवनीतील मुले त्याचे रंग अंगावर चढवतील. तेव्हा पहिल्या पराभवानंतर काय विचारायचे, हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

२०/
कारण हा इतिहास संपलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला, आशियाई चषकाची वाट बंद झाली, आणि त्यांना ठेवावे की काढावे, हा वाद पुन्हा पेटला. त्याच काळात सुपर लीगचा हंगाम स्थगित होता. पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, आणि लीग चालवण्यासाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. वाद प्रशिक्षकाचा चालला होता. प्रश्न लीगच्या अस्तित्वाचा होता.

२१/
तेव्हा मित्रहो, प्रशिक्षकावर जरूर भांडावे. ते चाहत्याचे सुख आहे आणि अधिकारही. पण त्यासोबत तीन गोष्टी विचाराव्यात. मैदान कोणाचे आहे? युवा संघात आपल्या जिल्ह्यातली मुले किती आहेत? आणि मालक कंटाळला, तर क्लब कोणाच्या हाती जाईल? मुंबई एफसीच्या चाहत्यांना या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संघ बंद झाल्यावर मिळाले. आपण तो संघ उभा राहतानाच विचारावा.

(समाप्त)